नाताळचं गिफ्ट घ्यायचं कसं? नव्या सुनांसाठी आणि नव्या जावयांसाठी

माझ्या पहिल्या नाताळला नणंदेनं मला स्टीलचा डबा दिला. पाच किलोचा, कडीचा. मी "छान आहे हो ताई" म्हटलं, पुन्हा त्याच कागदात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढवला. मार्चमध्ये वर्षाचं तिखट करायला घेतलं, डबे कमी पडले, तेव्हा तो खाली उतरवला. पुसताना झाकणावर बोट अडखळलं. नाव घातलेलं होतं. आमच्या घरात पातेल्यापासून चमच्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर सासऱ्यांचं नाव आहे, जुन्या भांड्यांवर आजेसासऱ्यांचं. या झाकणावर मात्र माझं होतं, माहेरचं आणि नुसतं. पुढे ना नवऱ्याचं नाव, ना आडनाव. खाली बारीक अक्षरात 'नाताळ २०१३'.

लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात भांडी घासताना मी हसत म्हटलं होतं, "या घरात माझ्या नावाचा एक चमचासुद्धा नाही बघा." ताईंनी ते ध्यानात ठेवलं, भांड्याच्या दुकानात उभं राहून नाव घालून घेतलं, आणि मी डबा माळ्यावर टाकला. तीन महिने त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. मी फोन केला, "ताई, आत्ता बघितलं." त्या म्हणाल्या, "बघितलंस का एकदाचं! मला वाटलं, तुला राग आला."

गिफ्ट काय द्यायचं यावर डिसेंबरात घरोघरी खल चालतो. घ्यायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. मी साताऱ्याची, हिंदू घरातली. लग्न करून मिरजेच्या ख्रिस्ती घरात आले आणि हे सगळं चुकत चुकत शिकले. ज्यांचा यंदा सासरी पहिला नाताळ आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जावयांनीही वाचावं. पुरुषांना गिफ्ट घेणं बायकांपेक्षा कमी जमतं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा नवरा अजून "ठेव तिकडं" म्हणतो.

१. आधी घराची रीत विचारून घ्या

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि त्याच्या आसऱ्यानं गावोगावचे ख्रिस्ती लोक इथं आले, राहिले. कुणी नगरकडचं, कुणी कोल्हापूरकडचं, कुणाच्या घरात आजही कानडी बोलतात. त्यामुळे एकाच चर्चमध्ये शेजारी बसणाऱ्या दोन घरांत नाताळच्या दोन तऱ्हा असू शकतात. मैत्रिणीच्या सासरी असं करतात म्हणून आपल्याकडेही तसंच असेल, असं धरून चालू नका.

चार गोष्टी विचारा. गिफ्टं कधी देतात: चोवीसच्या रात्रीच्या उपासनेवरून आल्यावर, की पंचवीसला जेवणं झाल्यावर? आमच्याकडे पंचवीसला दुपारी, फराळाची ताटं फिरून झाली की. दुसरं, सगळ्यांसमोर उघडायचं का? तिसरं, वडीलधाऱ्यांकडून घेताना वाकून नमस्कार करायचा का? काही घरांत पाया पडलेलं चालत नाही, हात जोडून किंवा हातात हात घेऊन 'सलाम' म्हणतात. काही घरांत आजी स्वतःच पाय पुढे करते. चौथं, आपणही प्रत्येकाला काही द्यायचं की चिठ्ठी काढून एकेकालाच? चिठ्ठीची पद्धत असेल तर ज्याचं नाव निघालं ते कुणालाही सांगायचं नसतं, नवऱ्यालाही नाही. माझ्या नवऱ्यानं पहिल्याच वर्षी जेवताना फोडलं होतं.

हे सगळं नवऱ्याला विचारू नका. जन्मभर त्या घरात राहूनही त्याला यातलं काही माहीत नसतं. धाकटी नणंद किंवा थोरली जाऊ गाठा. जाऊ उत्तम, कारण तीही एकदा नवीन होती.

२. "तुला काय पाहिजे?" याला उत्तर द्या

नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. पहिल्या रविवारच्या आसपास दाराशी चांदणी लागते, करंज्या-शंकरपाळ्यांच्या सामानाची यादी निघते, आणि त्याच सुमाराला कुणीतरी स्वयंपाकघरात सहज विचारल्यासारखं विचारतं, "तुला काय गं पाहिजे?"

"काही नको, सगळं आहे की" हे आपलं ठरलेलं उत्तर. लहानपणापासून घोटून घेतलेलं. पण त्या बाईच्या जागी बसून बघा. तिला पंचवीस तारखेपर्यंत काहीतरी आणायचंच आहे. तुम्ही दार लावून घेतलं, मग ती बाजारात जाऊन तुमच्यासाठी चहाच्या कपांचा सेट उचलणार, नाहीतर फोटोफ्रेम. आणि तुम्ही पुढची दहा वर्षं म्हणणार, यांना मी कधी कळलेच नाही.

मी आता तीन गोष्टी सांगते: एक संपणारी, एक रोज लागणारी, एक दुरुस्तीची. संपणारी म्हणजे अमुक साबण, अमुक लोणचं, तासगावचा चांगला बेदाणा. रोजची म्हणजे पोळपाट, छत्री, नाइट ड्युटीला जाताना लागणारी बॅटरी. दुरुस्तीची म्हणजे घड्याळाचा पट्टा, चेनची कडी, फाटलेल्या बॅगेची साखळी. तिन्हींच्या किमती वेगवेगळ्या ठेवा, म्हणजे विचारणाऱ्याला खिशाप्रमाणे निवडता येतं. धाकटा दीर अजून शिकत असेल तर त्याला "मला एक चांगलं पेन आण" म्हणा. त्याला मोबाइलची नावं सांगू नका.

मापं मात्र आपणहून देऊन ठेवा. बांगडीचं माप दोन-चार की दोन-सहा, चपलेचा नंबर, ब्लाउजचं एक जुनं, नीट बसणारं माप. मी नणंदेच्या वहीत एकदा लिहून ठेवलं आणि घट्ट बांगड्यांचा विषय कायमचा मिटला.

आणि तुम्हाला न विचारताच कुणी काही आणलं, तर तोही मान आहे. त्या माणसानं वर्षभर तुमच्याकडे बघितलेलं असतं.

३. हातात घेताना

आपल्याकडे आहेर समोर उघडत नाहीत. लग्नात पाकीट घेतलं की मागे उभ्या असलेल्या मावशीच्या पिशवीत जातं. तिथल्या तिथं उघडणं म्हणजे हावरटपणा. ही सवय घेऊन मी नाताळला बसले होते आणि मांडीवर चार पुड्या तशाच ठेवून सगळ्यांकडे बघून हसत होते. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "अगं, उघड की! आम्ही काय नुसते कागद बघायला बसलोय?"

नाताळला घरात समोर उघडण्यातच गंमत असते. तेव्हा बसून घ्या. हातातला मोबाइल, पाण्याचा तांब्या, पोर, जे असेल ते बाजूला द्या. दोन्ही हातांनी घ्या आणि देणाऱ्याचं नातं तोंडानं म्हणा: "आत्याबाईंकडून? बघू." लहानांचं आधी उघडू द्या. त्यांच्या गोंधळात मोठ्यांकडे कुणाचं लक्ष नसतं आणि नवख्या माणसाला तेवढाच श्वास घ्यायला वेळ मिळतो.

कागद हळू सोडवा. आमच्या सासूबाई चिकटपट्टी नखानं काढून कागद गादीखाली ठेवतात, पुढच्या वर्षी तोच कागद परत येतो. एक सोनेरी कागद गेली सहा वर्षं घरात फिरतोय, त्याला आता आम्ही नातेवाईकच समजतो.

४. उघडल्यावर काय बोलायचं, काय नाही

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

"कशाला आणलंत उगीच?" हे एकदा म्हटलं तर रीत. दुसऱ्यांदा म्हटलं की समोरच्याला खरंच वाटायला लागतं की उगीच आणलं. तिसऱ्यांदा तर तो "दे मग परत" म्हणायच्या बेतात असतो.

"कितीला पडलं?" अजिबात नको. "कुठनं घेतलं?" हेही त्याच जातीचं आहे, कारण मिरजेतल्या कुठल्या दुकानात काय भाव चालतो ते सगळ्यांना पाठ असतं. "अय्या, माझ्याकडे आहे असंच" हे खरं असलं तरी त्या दिवशी पोटात ठेवा. "हे माझ्यापेक्षा वन्संना शोभेल" हे तर विसरूनच जा. म्हणणारीला तो मोठेपणा वाटतो, ऐकणारीला ती नापसंती वाटते.

मग म्हणायचं काय? "छान आहे" हा शब्द चहालाही चालतो आणि पावसालाही, म्हणून तो पुरत नाही. त्याआधी वस्तू फिरवून बघा. मागून, खालून, झाकणाच्या आतून. कपडा असेल तर घडी मोडा, काठ बोटात धरा. चिठ्ठी असेल तर वाचा, मनात नव्हे, मोठ्यानं. पुस्तक असेल तर पहिलं पान उघडा, तिथं बहुतेक काहीतरी लिहिलेलं असतं. हे बघताना काहीतरी एक सापडतंच, जे बोलता येईल:

"मला हिरवा आवडतो हे तुमच्या ध्यानात होतं?"

"हँडलला कापड गुंडाळलंय, भाजू नये म्हणून ना?"

"गेल्या उन्हाळ्यात मी म्हटलं होतं, तेव्हाचं आठवलं तुम्हाला!"

शेवटी प्रश्न आला की देणाऱ्याचं तोंड उघडतं. ती सांगायला लागते की दुकानदाराकडे हाच रंग नव्हता, मग सांगलीला गणपती पेठेत जाऊन कसा शोधला. ती गोष्ट पूर्ण ऐका. मला विचाराल तर निम्मं गिफ्ट त्या गोष्टीतच असतं. वस्तू खराब होते, गोष्ट घरात पुढं सांगितली जाते.

काहीच सुचलं नाही तर वस्तू लगेच वापरा. शाल अंगावर घ्या, बांगड्या चढवा, डब्यात समोरची चकली टाका. बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले एवढं सांगितलंय, त्याची आई मरीया काय म्हणाली ते सांगितलेलं नाही. (ते तिघे होते असंही तिथं लिहिलेलं नाही, वस्तू तीन म्हणून माणसं तीन, हा नंतरचा हिशेब.) गंधरस तर प्रेताला लावायचा पदार्थ, तान्ह्या बाळाच्या घरी! आमच्या सासूबाई दरवर्षी या वचनाला थांबतात आणि म्हणतात, "तिनं कपाळाला आठी घातली असती तर मत्तयनं लिहिलं असतं."

५. कागदात न बांधलेली गिफ्टं ओळखा

लग्नाआधी मी साताऱ्याला सात वर्षं गाणं शिकत होते. सासरी येताना आत्याचा तंबोरा बरोबर आणला होता. पहिल्या वर्षी वाजवला, मग ड्युटी, मग बाळंतपण. कपाटामागं खोळीत उभा राहिला तो राहिलाच. एक तार तुटलेली, बाकीच्या गंजलेल्या. सासरे कधीतरी जाता जाता खोळीवर टिचकी मारायचे, "तुझा भोपळा मुका झाला की गं." मी हसून सोडून द्यायची.

२०१६ च्या नाताळला सगळ्यांची गिफ्टं उघडून झाली आणि माझ्या वाट्याला बाबांकडून, म्हणजे सासऱ्यांकडून, काहीच नव्हतं. ते म्हणाले, "आतल्या खोलीत जा." तंबोरा पलंगावर आडवा होता. नव्या तारा, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, काढलेली, दोरे घातलेले, भोपळ्याला पॉलिश. मिरजेत सतारमेकरांची अख्खी गल्ली आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथं पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात आणि सतारी-तंबोरे होऊन देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गावातले आम्ही लोक त्या गल्लीतून फक्त वाट काढत जातो. बाबा मात्र मी ड्युटीवर असताना रिक्षात तंबोरा मांडीवर घेऊन तिथं गेले होते, दोनदा. पहिल्यांदा द्यायला आणि दुसऱ्यांदा कारागिराशेजारी बसून जवारी ऐकायला. त्यांना स्वतःला सूर कळत नाही. त्यांनी कारागिराला सांगितलं होतं, "पोरगी गाणारी आहे, तिला चालेल असं करा."

आणि मी काय म्हणाले? "बाबा, केवढ्याला पडलं हो?"

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्यांनी खरंच आकडा सांगितला. खाली बघत सांगितला आणि बाहेर जाऊन पेपर उघडून बसले. सकाळचाच पेपर, वाचून झालेला. मला वाटलं होतं मी त्यांच्या पैशाची काळजी करते आहे. त्यांना वाटलं, मी हिशेब मागितला. संध्याकाळी मी तंबोरा लावला. चारही तारा जुळायला अर्धा तास गेला, इतकी सवय मोडली होती. सा धरला आणि बाहेर पेपराचा आवाज थांबला.

कागदात न बांधलेल्या गिफ्टांची ही अडचण असते. ती पटकन गिफ्ट वाटतच नाहीत. कुणी तुमची ड्युटी बदलून घेतं म्हणून तुम्हाला चोवीसच्या उपासनेला जाता येतं. जाऊ तुमच्या वाटणीची नानकटाई बेकरीच्या भट्टीवर भाजून आणते. दीर गाडीचा ब्रेक नीट करून ठेवतो आणि सांगतही नाही. नाताळच्या आठवड्यात अशा गोष्टी डोळे उघडे ठेवून मोजा आणि त्याच दिवशी नावानं बोलून दाखवा: "ब्रेक तुम्ही केलात ना भावजी? उतारावर कळलं." एवढंच पुरतं. आणि किमतीचा प्रश्न तोंडात आलाच, तर त्याच्या जागी "तुम्हाला सुचलं कसं?" हा घाला. बाबांना मी हा प्रश्न दोन दिवसांनी विचारला. मग ते तासभर बोलले.

६. माहेरचं गिफ्ट सासरी येतं तेव्हा

माझ्या आईला नाताळ म्हणजे केक एवढंच ठाऊक होतं. पहिल्या वर्षी ती कोयना एक्सप्रेसनं साताऱ्याहून आली, कंदी पेढ्यांचे दोन पुडे घेऊन. एकावर पेननं फुली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "हा फुलीवाला देवापुढं ठेवलेला नाही. तुझ्या घरी प्रसाद चालत नसेल तर हा दे. दुसरा तुझा तू खा." मला त्या फुलीचं इतकं कौतुक वाटलं की पेढे संपल्यावर पुड्याचं झाकण मी कापून ठेवलं.

दोन घरांचे देव वेगळे असतील तर हे आधी फोनवर बोलून घेतलेलं बरं. नैवेद्याचं काही घरी चालतं, काही घरी चालत नाही, आणि न चालणाऱ्यांचा त्यात अपमानाचा हेतू नसतो. सासरच्यांनाही सांगून ठेवा की आई ओटी भरेल, खण-नारळ देईल, तिची माया दाखवायची रीत तीच आहे. आमच्या सासूबाईंनी नारळ घेतला, त्याच दिवशी फोडला आणि करंजीच्या सारणात घातला. आई खूश.

भाऊ महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेऊन आला तर एक सूचना. पाहुण्यांना दाखवायला म्हणून ती ठेवून देऊ नका, न धुता ठेवा आणि खायच्या वेळीच धुवा. दोन दिवसांत संपवा. नाशवंत गिफ्ट मिळालं की त्याच दिवशी खाणं, हाच आभार.

७. आवडलं नाही तर

लपवायचं नाही आणि त्या दिवशी सांगायचंही नाही. माप चुकलं असेल तर दोन दिवसांनी, एकट्यात, "खांद्यात जरा घट्ट होतंय, बदलून मिळेल का, आपण दोघी जाऊ या का?" म्हणायचं. बदलायला बरोबर न्या. निवडीवर नाराजी नाही हे तिला आपोआप कळतं आणि वर भेळही होते.

एकसारख्या दोन वस्तू आल्या तर एक सरळ सांगून दुसऱ्याला द्या. गुपचूप फिरवाफिरवी करू नका. ब्लाउजपीस आपल्याकडे एसटीपेक्षा जास्त गावं हिंडतात, ते ठीक. त्याला कुणी गिफ्ट समजत नाही. पण नाताळला घरातल्या माणसानं दिलेली वस्तू ईस्टरला दुसऱ्या कुणाच्या घरात दिसली तर मिरजेसारख्या गावात ती बातमी संध्याकाळपर्यंत पोचते. आमच्यात एक भिंतीवरचं घड्याळ असंच तीन घरं फिरून मूळ मालकिणीकडं आलं होतं. आत तिचंच अक्षर असलेली चिठ्ठी. ती मालकीण कोण, ते विचारू नका.

८. सोनं, पैसे आणि परदेशातली पार्सलं

हे रुक्ष आहे, पण लागतं.

सोनं मिळालं तर बिल मागायला लाजू नका. त्या क्षणी नको, आठवड्यानं मागा: "बाबा, पावती माझ्या फाइलीत ठेवते." दागिन्यावर हॉलमार्कच्या खुणेबरोबर अक्षरं-आकडे मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळखक्रमांक, असतो. बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की दागिना कुठल्या शुद्धतेचा ते दिसतं.

पैशाच्या पाकिटाला कराची भीती बहुतेकांना उगाच असते. आई-वडील, आजी-आजोबा, सासू-सासरे, भावंडं, नणंद-दीर, काका, मामा, आत्या, मावशी यांच्याकडून मिळालेल्या गिफ्टवर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही. चुलत, आते, मामे भावंडं आणि मित्र मात्र कायद्याच्या 'नातेवाईक' या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्याकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेलं तर सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. रोख घेताना एकाच माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त घेता येत नाही, मग तो सख्खा बाप असला तरी. मोठी रक्कम बँकेतून घ्यावी आणि देणाऱ्याकडून दोन ओळींचं पत्र.

परदेशातल्या नातेवाइकांनी कुरियरनं काही पाठवलं तर कस्टम ड्युटी भरावी लागते. पूर्वी छोट्या किमतीच्या गिफ्टला माफी होती, ती डिसेंबर २०१९ पासून राखीसारखे मोजके अपवाद सोडून गेली. त्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून मागवावं. आणि "तुमचं ख्रिसमसचं गिफ्ट कस्टममध्ये अडकलंय, एवढे पैसे भरा" असा फोन आला तर आधी त्या नातेवाइकाला फोन करा. असं काही पाठवलेलंच नसतं. पैसे गेलेच असतील तर तातडीनं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

९. पोरं

मुलांना भाषण देऊ नका. संडे स्कूलमध्ये कंपासपेटी मिळाली तर घरी आल्यावर "काय मिळालं?" याच्या आधी "कुणी दिलं?" विचारा. एवढी एक अदलाबदल पुरते. आमची मुलगी सांताबद्दल विचारायला लागली तेव्हा तिला चौथ्या शतकातल्या मायरा गावच्या बिशप निकोलसची गोष्ट सांगितली. तीन गरीब बहिणींच्या लग्नासाठी रात्री गुपचूप पैसे टाकून जाणारा माणूस, अशी आख्यायिका आहे. तिनं विचारलं, "मग त्या थँक्यू कुणाला म्हणाल्या?" मला उत्तर आलं नाही. तुम्हाला आलं तर बरंच.

१०. नाताळ झाल्यावर

जे लांब आहेत त्यांना फोन करा, वस्तू हातात घेऊन. व्हॉट्सॲपवर फुलांचं चित्र टाकून आभार मानले की समोरूनही फुलांचंच चित्र येतं आणि विषय संपतो. कोल्हापूरच्या आत्याबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून मी पोस्टकार्ड लिहिते. त्या ते बायबलमध्ये ठेवतात असं कळलं.

दुसरा आभार मार्च-एप्रिलमध्ये माना. त्याची कुणीच वाट बघत नसतं. "ताई, तुमच्या छत्रीनं आज वळवाच्या पावसात वाचवलं." पंचवीस तारखेला सगळेच गोड बोलतात, एप्रिलमध्ये बोललेलं लोकांच्या लक्षात राहतं. आणि देणारी घरी येणार असेल तेव्हा तिची वस्तू वापरात दिसू द्या. शोकेसमध्ये ठेवलेली नको, गॅसशेजारी तेलाचा हात लागलेली असावी.

एक वही ठेवा. आपल्या घरांत आहेराची वही असते, कुणी किती घातले आणि आपण किती परत घालायचे याची. ती वेगळी, ती असू दे. या वहीत किंमत लिहायची नाही. वर्ष, कुणी दिलं, काय दिलं, आणि ती व्यक्ती देताना काय बोलली. माझ्या वहीत २०१३ च्या पानावर एक ओळ मार्चमध्ये मागाहून घातलेली आहे, शाई वेगळी दिसते.

आमच्याकडे चांदणी सहा जानेवारीपर्यंत राहते, प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (मागी लोक बाळाला भेटले त्याची आठवण). ती उतरवली की सासूबाई कागद गादीखाली सारतात आणि मी वही काढते. शेवटच्या पानावर पुढच्या वर्षी कुणी विचारलं तर सांगायच्या गोष्टी असतात. यंदा तिथं पहिलीच ओळ लिहिली आहे: ताईंच्या डब्याची कडी सैल झाली, बदलून घ्यायची.